ढवळ्याचा खड्डा

प्रभाकररावांनी गोठ्याच्या कोनाड्यातून औषधाची लहान बाटली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि दाराच्या उजेडात धरली. तळाशी एका सुईपुरतं औषध हललं. मागे ढवळ्या बैल कुशीवर पडून होता. पुढचा गुडघा सुजून गोल झाला होता आणि दर श्वासाला घशातून दार कुरकुरल्यासारखा आवाज येत होता.

"साहेब, हेच द्या. मागं आमच्या पोवळ्या बैलाले हेच देल्लं होतं. लगेच निवला होता."

जनावरांचे डॉक्टर मुकेश आंजी गावात नवेच आले होते. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती परत दिली.

"हे आता देता येत नाही, काका. सरकारनं जनावरांसाठी बंद केलंय."

"माणसं तं घेतात."

"माणसांना गिधाडं खात नाहीत."

शकुंतलाबाई बैलाचा गुडघा निंबाच्या पाल्यानं शेकत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गिधाडाचं काय घेऊन बसले साहेब? इथं बैल कन्हून राह्यला."

डॉक्टर त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"काकू, हे टोचल्यावर जनावर मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते खाऊन गिधाडं मरतात. नाल्यापलीकडच्या खडकावर पूर्वी किती उतरायची म्हणे. आता एक तरी दिसतं का? मग तिथं टाकलेलं ढोर कोण खातं?"

"कुत्रे."

"तेच तर. खायला भरपूर, म्हणून कुत्रे वाढले. त्यातला एखादा पिसाळतो, आणि मग लहान पोरांना..."

शेकणारा हात थांबला.

"बस, साहेब," प्रभाकरराव म्हणाले.

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते उठले. दुसरं औषध निघालं आहे, वर्ध्याहून उद्या आणतो, असं सांगून त्यांनी मोटारसायकल सुरू केली.

या घरानं थकलेला बैल कधी बाजारात नेला नव्हता. तो दाव्यावर म्हातारा व्हायचा. मेला की कपाळाला कुंकू लावून त्याला खडकावर ठेवायचे. आभाळाचं ते आभाळाला द्यायचं, असं प्रभाकररावांचे वडील म्हणत. पोवळ्यालाही तसंच दिलं होतं. त्याच्या शेवटच्या दिवशी नात अंजू त्याचं शिंग धरून बसली होती. "आबा, त्याले सुई द्या नं. त्याले दुखून राह्यलं." सुई दिली. पोवळ्या शांत गेला. पुढच्याच आठवड्यात खडकाजवळच्या झाडाखाली गिधाडं माना टाकून पडलेली प्रभाकररावांनी पाहिली होती. रोग आला असेल, असं तेव्हा वाटलं.

वर्ष उलटल्यावर, हिवाळ्यात, अंजूच्या पोटरीला कुत्र्याचा दात लागला. खडकाकडे गेली म्हणून घरचे रागावतील या भीतीनं तिनं तो लपवला. घरात कळलं, तेव्हा ती पाण्याचा पेला पाहून थरथरत होती.

सांज झाली. ढवळ्यानं खाली ठेवलेल्या चाऱ्याला तोंड लावलं नाही. त्याचे डोळे सारखे शकुंतलाबाईंच्या हाताकडे वळत होते.

"द्या त्याले," त्या म्हणाल्या.

"ऐकलं नं तू, साहेब काय म्हणाले ते?"

"ऐकलं. सगळं ऐकलं." त्यांनी पाल्याचं फडकं बाजूला ठेवलं. "अंजू असती तं तुमाले असं बसू देल्लं असतं?"

प्रभाकररावांनी जुनी सुई उकळत्या पाण्यात धुतली. बाटलीतलं औषध भरून टोचताना शकुंतलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. थोड्या वेळानं कुरकुर थांबली. ढवळ्यानं मान शकुंतलाबाईंच्या मांडीवर टाकली आणि पहाटे श्वास थांबेपर्यंत तशीच ठेवली.

सकाळी शेजारचा तानबा गाडी आणि दोर घेऊन आला.

"खडकावर न्याचा नं, भाऊ?"

"नाई. बांधावर पुराचा. खड्डा खोल घे."

तानबानं दोर खाली ठेवला. "तुमच्या घरात कोनी बैल पुरला नाई आजपावतर. अन् काऊन? आता गिधाड राह्यलंच कुठं?"

प्रभाकररावांनी कुदळ उचलली. श्रावणातली काळी माती पात्याला चिकटत होती. ती बोटांनी काढून त्यांनी पहिला घाव घातला.

"एखादं असन," ते म्हणाले.

दुपारी खड्डा बुजला. वर मीठ पसरलं, माती दाबली आणि बाभळीच्या काट्या रचल्या. खडकाच्या बाजूला कुत्रे येऊन बसले होते. ते भुंकत नव्हते, नुसते वाट पाहत होते. त्या अंगाला काट्या कमी पडल्या.

"इथून घुसतीन," शकुंतलाबाई म्हणाल्या.

तानबा आणखी फांदी तोडायला गेला. तो येईपर्यंत शकुंतलाबाई त्या मोकळ्या जागेत, कुत्र्यांकडे तोंड करून, उभ्या राहिल्या.