ओक्स गेला ते बरंच झालं

माझ्या आईला कुणी तब्येत विचारली की ती फुटबॉलबद्दल सांगते. म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून धडका देत पुढं घुसायचा तो. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी सहज म्हणालं, "काय वर्ना, कशी आहेस?" की हिचं सुरू, "कशी असणार? काल बघितलंस ना?" मग समोरच्यानं थंडीत कुडकुडत सगळं ऐकून घ्यायचं. दोन यार्ड पुढं घुसायची यांची हिंमत नाही, चौथी, शेवटची खेप आली की लाथ मारून चेंडू दुसऱ्यांच्या हवाली करून मोकळे. सरोवरावरून उभं राहता येणार नाही असा वारा सुटलेला असताना कुठला शहाणा लांब फेकायला सांगतो? दर वर्षी नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, आणतात, त्याचे फोटो बसगाड्यांवर चिकटवतात, आणि फोटोचा रंग उडायच्या आत तो लंगडत घरी जातो. संघाचं खरं नाव आई कधीच घेत नाही. 'भोपळे' म्हणते. पण रविवारी दुपारी भोपळ्यांची मॅच असताना कुणी मेलं तरी तिला सांगायला जायची सोय नाही.

आईचा धाकटा भाऊ एमिल आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. आजोबांनी हे दुमजली घर बांधलं तेव्हाच खालचा मजला लेकीला आणि वरचा लेकाला असं ठरवून टाकलं होतं. बाबा गेल्यापासून खाली आई एकटी, आणि मामानं लग्नच केलं नाही, म्हणून वर तो एकटा. त्याचा जीव बास्केटबॉलवर. स्वभावानं तो आईच्या अगदी उलटा. त्याचा संघ वीस गुणांनी मागे असला तरी तो म्हणणार, "अजून वेळ आहे." आई म्हणते, ते लांबोडके अंडरपँट घालून इकडून तिकडं पळतात त्याला खेळ म्हणायचा का? मामा म्हणतो, तुमच्या खेळात तीन तासांत माणसं दहा मिनिटं हलतात, बाकी वेळ घोळका करून कुजबुजतात. तळघरातल्या भट्टीची गरम हवा नेणारी पत्र्याची नळी दोन्ही मजल्यांवरून जाते आणि आवाजही नेते. त्यामुळे ही भांडणं दोघंही आपापल्या खुर्चीत बसून करत. मी याच आवाजात लहानाची मोठी झाले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, बास्केटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, मामाच्या संघानं ट्रेमेन ओक्स हा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला.

ओक्सचं नाव आमच्या शहराबाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. अकरा वर्षं तो इथं खेळला. उंच, जाडजूड, धावायला हळू. त्याचे फोटो कधी बसवर लागले नाहीत. तो स्वतः फारसे गुण करायचा नाही. समोरच्या खेळाडूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा, म्हणजे आपल्या माणसाला मोकळं सुटता यायचं. कुणाचा नेम चुकला की खाली पडणारा चेंडू हा वरच्या वर काढायचा आणि दुसऱ्याच्या हातात देऊन पुन्हा जाऊन उभा राहायचा. मामानं कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काढली. त्याला हा माणूस का आवडायचा हे मला कधी विचारावं लागलं नाही.

ओक्सच्या बदल्यात संघाला काय मिळालं? पुढं कधीतरी नव्या पोरांची निवड होईल तेव्हा दोनदा आधी निवडायचा नंबर. म्हणजे अजून शाळेत असलेली कुठलीतरी दोन पोरं.

मामानं टीव्हीची वायर काढली, गुंडाळी केली आणि टीव्हीवर ठेवून दिली. हंगामाची पहिली मॅच झाली त्या संध्याकाळी वरून चालण्याचासुद्धा आवाज आला नाही.

"नाटकं!" आई मला फोनवर म्हणाली. "चार दिवस थांब. येतील राजेसाहेब खाली."

राजेसाहेब आले नाहीत. रविवारी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला यायचे तेही बंद झाले. आईनं ताट जिन्यात नेऊन ठेवलं, तर तसंच गार झालेलं परत मिळालं. गुरुवारी तो बोलिंगला, जड चेंडू घरंगळवून पिना पाडायला, जायचा, मित्र न्यायला आले, त्यांना त्यानं खिडकीतूनच हात हलवून परत पाठवलं. मी वर जाऊन पाहिलं. तो खिडकीशी बसून डब्यातलं सूप गरम न करताच खात होता.

"मामा, बरं नाही का?"

"बरा आहे की."

"मग खाली का येत नाहीस?"

"येईन गं." थोडा वेळ तो चमचा ढवळत राहिला. "रोझॅन, अकरा वर्षं एक माणूस मुकाट्यानं काम करतो, आणि एका सकाळी त्याला देऊन टाकतात. त्याला म्हणे विमानतळावर कळलं. मग बाकीच्यांनी तरी कशाला बघायचं?"

खाली आल्यावर आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "आमच्या भोपळ्यांनी किती जणांना हाकललं, मी घेतलं का अंथरूण? चिडायचं, ओरडायचं, पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं. हा गप्प बसतो! माणसानं गप्प बसायचं असतं का?" मग तिनं नळीच्या जाळीकडं तोंड करून जोरात विचारलं, "काय रे एमिल, गप्प बसायचं असतं का?"

वरून काही उत्तर आलं नाही. तिनं जाळीकडं अशा रागानं पाहिलं की मला हसू येईना.

नंतरच्या आठवड्यात आईनं बास्केटबॉल बघायला सुरुवात केली. मला शेजारच्या मिसेस हॅलोरननं सांगितलं. आवाज इतका मोठा की त्यांच्या बंद खिडकीतून मॅच ऐकू येत होती, आणि मॅचपेक्षा आईच जास्त. मी एकदा जाऊन बघितलं. आई कमरेवर हात ठेवून टीव्हीसमोर उभी.

"हा चालला का? टप्पा न पाडता चालला! पंच आंधळा आहे का?"

"आई, दोन पावलं चालतात."

"कशाला चालतात? आणि सगळे लांबूनच फेकतायत. जवळ जायला काय यांना बंदी आहे? आत कुणी नाहीच. टोपली काय मोकळी पडलीय, धुणं वाळत घाल तिथं!"

वर लाकडी फरशी एकदा करकरली. बस, तेवढंच.

आमच्या शहरात कामावरून घरी परतायच्या वेळी रेडिओवर बक डेलेनी नावाचा माणूस खेळांवर बडबडतो आणि लोकांचे फोन घेतो. आई त्याची जुनी गिऱ्हाईक. दर सोमवारी ती 'पश्चिमेकडची वर्ना' म्हणून फोन करते आणि भोपळ्यांची हजेरी घेते. बक तिला मनापासून भितो. डिसेंबरच्या सुरुवातीला, रस्त्यावर बर्फाचा आणि तो वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाचा राडा झालेला असताना, मी गाडी हळूहळू हाकत आईकडं निघाले होते आणि रेडिओवर तिचा आवाज आला. सोमवार नव्हे, बुधवार होता म्हणून मी चमकले.

"बक, मी आज बास्केटबॉलवर बोलणार आहे."

"वर्ना, तुम्ही? तुम्हाला तर तो खेळ..."

"आधी ऐकून घ्या. तो ओक्स गेला ते बरंच झालं."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्यानं हॉर्न मारला.

"अकरा वर्षं तो नुसता खांबासारखा उभा होता," आई सांगत होती. "स्वतः काही करायचा नाही, लोकांच्या मध्ये मध्ये यायचा. आणि मला सांगा, हे लोक टोपलीपाशी एक राखणदार का नेमत नाहीत? एक उंच माणूस तिथं कायमचा ठेवायचा, आला चेंडू की मारला बाहेर. एवढी साधी गोष्ट कुणाला कशी सुचत नाही?"

"वर्ना, खाली येणारा चेंडू असा मारता येत नाही, नियमच आहे तसा..."

"नियम बदला! आणि तुमच्या त्या ओक्सपेक्षा आमच्या गल्लीतला दिव्याचा खांब स्वस्तात मिळाला असता. रात्री उजेड तरी पडला असता."

बकनं कशीबशी जाहिरात लावली. मी आईच्या दारात गाडी लावेपर्यंत जाहिरात संपली होती आणि बक म्हणत होता, "आता आपल्याबरोबर आहेत, पहिल्यांदाच फोन करणारे, पश्चिमेकडचे एमिल. बोला एमिल."

"मघाशी जी बाई बोलली," मामाचा आवाज थरथरत होता, "ती माझी बहीण आहे. दुर्दैवानं."

मी धावत स्वयंपाकघरात शिरले. आई फोन कानाला लावून उभी होती. तिनं तो ठेवलाच नव्हता. ओट्यावर रेडिओ चालू होता. मामाचा आवाज वरून जाळीतून येत होता आणि तेच शब्द थोड्या वेळानं रेडिओतून येत होते.

"ती चौथीपासून काहीही न कळता बोलते," मामा म्हणाला. "ओक्स मध्ये उभा राहायचा म्हणून बाकीच्यांना वाट मिळायची. त्याच्या खांद्याला टाके घातले होते तरी तो उभा राहिला. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त चेंडू कुणी काढले? बोल ना वर्ना! आहेस का तिथं?"

"आहे की!" आई फोनमध्ये ओरडली. "एवढा चांगला होता तर दिला कशाला?"

"गाढव आहेत म्हणून!"

"मग त्यांना शिव्या दे ना! सूप कशाला गार पितोस?"

"मी काय पितो ते तू रेडिओवर सांगणार?"

"सांगणार! बक, हा माणूस महिनाभर माझ्या हातचं जेवलेला नाही!"

"एक मिनिट, एक मिनिट," बक कळवळून म्हणाला. "मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतंय. तुम्ही दोघं एकाच घरात आहात का? आधी रेडिओ बंद करा कुणीतरी!"

रेडिओ मी बंद केला. तेवढ्यात वरचा आवाज थांबला. जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं आणि मामा आत आला. पायांत नुसते मोजे, हातात फोन, चेहरा लालबुंद. दाढी वाढली होती आणि पँट कमरेवर सैल झाली होती.

"राखणदार म्हणे! बास्केटबॉलमध्ये राखणदार!" तो आईसमोर उभा राहून ओरडला. "अख्ख्या शहरानं ऐकलं! उद्या मी बोलिंगला तोंड कसं दाखवू?"

"उद्या जाणार आहेस का बोलिंगला?" आईनं विचारलं.

मामा गडबडला. आईनं फोन ठेवला, कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळलेल्या डोलम्यांचं भांडं शेगडीवर चढवलं आणि त्याच्याकडं पाठ करून ढवळत राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की आणखी काही, ते मला दिसलं नाही. मामा खुर्ची ओढून बसला आणि डोलमे गरम होईपर्यंत 'मध्ये उभं राहणं' म्हणजे काय हे मीठदाणी आणि मिरीदाणी सरकवून तिला समजावत राहिला.

नंतर मी आईला एकटीला गाठून विचारलं, "तू हे मुद्दाम केलंस ना?"

"मुद्दाम कशाला करू? खांबच होता तो."

तिच्या तोंडावरून मला आजवर काही वाचता आलेलं नाही. मी नाद सोडला.

नाताळच्या आधी ओक्सचा नवा संघ आमच्या शहरात खेळायला आला. मामानं खाली येऊन आईच्या टीव्हीसमोर बैठक मारली. मी सॉसेज भाजून आणले. ओक्सचं नाव पुकारलं तेव्हा अख्खं मैदान उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. ओक्सनं नवीन रंगाच्या जर्सीवर हात ठेवून मान खाली घातली. मामानं चष्मा काढून पुसला. आईनं मुकाट्यानं मोहरीच्या सॉसची बाटली त्याच्यापुढं सरकवली.

मग ओक्स आमच्याविरुद्ध खेळायला लागला. पडणारा प्रत्येक चेंडू त्याचा. आमची तरणीबांड पोरं लांबून फेकतायत, नेम चुकतोय, आणि तो खाली उभा राहून बागेतली सफरचंदं तोडावीत तसे चेंडू काढतोय. त्यानं आमच्या एकाची वाट अडवली तेव्हा तो पोरगा आपटून खालीच बसला. आई पुढं सरकली.

"थांब. हा मध्ये उभा राहिला म्हणून तो छोटा मोकळा सुटला?"

"हेच तर मी इतके दिवस..."

"अरे, हा तर फळीतला माणूस! आमच्याकडं क्वार्टरबॅकच्या पुढं जाडे उभे असतात तसला! हे आधी का नाही सांगितलंस?"

"मीठदाणी घेऊन सांगितलं की!"

"मीठदाणीनं काय कळतं माणसाला?" आई आता टीव्हीवर उखडली होती. "असला माणूस दिला? फळीतला माणूस कुणी देतं का? कोण आहे तो मालक? कुणी शिकवलं त्याला? दोन शाळकरी पोरांसाठी!"

"अजून वेळ आहे," मामा सवयीनं म्हणाला. वेळ नव्हता. आमचा संघ एकोणीस गुणांनी हरला आणि शेवटचा चेंडूही ओक्सनंच काढला.

"बघितलंस?" मामा उठून येरझाऱ्या घालायला लागला. इतका चिडलेला मी त्याला जन्मात पाहिला नव्हता. "आपल्याच माणसाकडून हरलो! गाढव! शंभर टक्के गाढव!"

"तुमच्यापेक्षा आमचे भोपळे बरे," आई म्हणाली. "त्यांच्याकडं निदान घालवायला कुणी चांगला माणूस तरी नसतो."

मामा थबकला. मग त्याला हसू फुटलं आणि ते थांबवताना ठसका लागला. आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच दोघं पुन्हा सुरू झाले. कुणाचा मालक जास्त नालायक, यावर. मामा म्हणाला, आमचा. आई म्हणाली, माझ्या देखत असं बोलायचं नाही, आमच्या मालकाची बरोबरी कुणाला जमणार नाही.

मी उरलेले सॉसेज झाकून ठेवले, कोट घातला आणि निघते म्हणून दोनदा सांगितलं. कुणी वळूनही पाहिलं नाही. बाहेर गाडीच्या काचेवर जाड बर्फ बसला होता. मी तो खरवडत होते तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि आईनं डोकं बाहेर काढलं.

"रोझॅन, तूच सांग, कुणाचा मालक जास्त नालायक? खरं सांग!"

"दोघांचे सारखेच आहेत, आई."

"हिला काही कळत नाही," आतून मामा म्हणाला, आणि आईनं खिडकी लावून घेतली.