पोट दिसेपर्यंत गप्प

सकाळी लाँड्रीत नेहमीसारखी गर्दी होती. नवरा इस्त्री फिरवत होता, सासूबाई धुतलेले कपडे गिऱ्हाइकांच्या नाडीच्या पिशव्यांत भरत होत्या आणि सून आत ओले कपडे वाळत घालत होती. तिला तिसरा महिना सरत आला होता. पण पोट दिसेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचे नाही, नाहीतर दृष्ट लागते, असा त्या घराचा दंडक होता.

गप्प बसून या घराने काय मिळवले? तीन मुले गमावली. तिन्ही पाचव्या महिन्यात, फारशी कळही न येता. प्रत्येक वेळी खापर सुनेच्या डोक्यावर फुटले. सासूबाई तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या. नणंदेने आपले तान्हे मूल तिच्या हाती दिले नाही.

खरे तर दुसऱ्या खेपेलाच डॉक्टरीणबाईंनी तिच्याजवळची कपड्यांची नाडीची पिशवी उचलून तिला आणि नवऱ्याला समजावले होते, "नाडी सैल असली की वजनानं तोंड उघडतं ना? तसंच आहे हे. गर्भपिशवीचं तोंड वजन पेलत नाही, वेळेआधी उघडतं. यात तुझी काही चूक नाही. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच ये. भूल देऊन तिथं टाका घालू, दिवस भरत आले की काढू. हमी नाही देत, पण मूल टिकायची आशा पुष्कळ वाढते."

घरी येऊन तिने हे सांगितले. सासूबाईंनी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "छे, तसं काही बोलल्या नाहीत. धक्का बसलाय हिला." तसल्या जागी टाका म्हणजे लाज, आणि आईचा दंडक मोडायचा म्हणजे कटकट. एवढ्यासाठी हा बाप्या खोटे बोलला! तिसरे मूल गेले तेव्हा तो बायकोशेजारी बसून रडलासुद्धा.

आज ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. "मी दवाखान्यात जाते."

"आत हो," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक आहेत."

"मग लोकांसमोरच सांगते. मला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. टाका घालून घ्यायला चाललेय!"

रांगेतल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अगं, मग थांबलीस कशाला? धाकटीच्या वेळी मलाही घातला होता. कॉलेजात आहे ती आता."

सासूबाई मुलाकडे वळल्या. "डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या की नाही? खरं सांग."

शर्ट जळल्याचा वास सुटला.

"बोलल्या होत्या," तो पुटपुटला.

"आणि मी हिला पांढऱ्या पायाची म्हणत होते, तेव्हा तू समोर बसून जेवत होतास!" त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल गं."

"चला. पण वाटेत कुणी विचारलं, तर लपवायचं नाही."

टाका पडला. दिवस भरत आल्यावर काढला आणि मुलगी झाली, चांगली रडकी.

पहिली दोन मुले अज्ञानाने गेली, असे म्हणून आपण मनाची समजूत घालू. तिसऱ्याची संधी मात्र एका धडधडीत खोट्याने घालवली. ते बोलणारा माणूस आजही त्याच दुकानात इस्त्री करतो, गिऱ्हाइके त्याला मुलीची खुशाली विचारतात. पांढऱ्या पायाचा असे त्याला अजून कुणी म्हटलेले नाही.