माळ्यावरचा झरोका

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन उकंडा धर्मपाल झाला, त्याला वर्ष उलटलं. पण त्याच्या मालकाची, देशमुखाची, जीभ त्या नावाला काही वळेना. पौषात त्यानं फर्मावलं, "उकंड्या, माळ्यावरचा झरोका लिंपून टाक. लय गार वारा येते."

माळ्यावर बियाण्याची ज्वारी होती. चुलीची वाफ वर चढते, छपराच्या थंड कवेलूंना लागून तिचं पाणी होतं आणि झरोका बुजला तर ते सगळं ज्वारीवर ठिबकतं, हे धर्मपालला पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यानं सांगितलं असतं. आता मुकाट्यानं चिखल कालवला आणि गच्च लिंपलं.

माघात ज्वारीला बुरशी लागली. देशमुख धर्मपालच्या दारात आला, आणि आता त्याला नाव बरोबर आठवलं.

"धर्मपाल, झरोका लिंपताना बोलला काहून नाही बाबा?"

"तो उकंड्यानं लिंपला. त्यालेच विचारा."