पाचवी चोच

पापांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कामाच्या टेबलावर शेवटचा प्याला सापडला. त्याला पाच चोची होत्या आणि त्यातल्या चारच उघड्या होत्या.

इटलीच्या डोंगरांतल्या आमच्या आओस्तात आणि वरच्या वाड्यांवर असा प्याला बहुतेक घरांत असतो. अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून काढलेलं बसकं, गोल भांडं, वर झाकण, आणि कडेने जितकी माणसं तितक्या चोची. आत गरम कॉफी, ग्राप्पा म्हणजे द्राक्षांची कडक दारू, साखर, संत्र्याची साल. ज्याने त्याने आपल्या चोचीतून घोट घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा. रिकामा होईपर्यंत प्याला टेबलाला टेकवायचा नाही. टेकवला तर काय होतं ते कुणाला ठाऊक नाही, कारण अजून कुणी टेकवलेला नाही.

गिऱ्हाइकाला पापांचा पहिला प्रश्न असायचा, "तोंडं किती?" कुणी म्हणालं, "सहा करा, पाहुणे येतात," तर ते म्हणत, "पाहुण्याचं नाव सांगा." नाव नाही तर चोच नाही. आकडा ते ठोकळ्याच्या बुडाला पेन्सिलीने लिहीत, मग कोरीवकाम करत, आणि चोचींना भोकं पाडायचं काम अगदी शेवटी. कुणाचा प्याला ते मात्र कुठेच लिहीत नसत. ते त्यांच्या डोक्यात असायचं.

या प्याल्याच्या बुडाला पाच लिहिलेलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोनवर ते म्हणाले होते, "यंदा असा प्याला करतोय, जसा आजवर केला नाही."

"कसला?"

"जत्रेला ये, म्हणजे कळेल."

मी तूरिनला असते, जुन्या पुस्तकांची बांधणी करते. जानेवारीत आमच्याकडे कामाचा ढीग असतो. "जमलं तर येते," मी म्हणाले. तीन डिसेंबरला ते गेले.

प्याला मी कितीतरी वेळा फिरवून पाहिला. कडेने जेन्शियनच्या फुलांची वेल होती, त्यांच्या नेहमीच्या हाताची. झाकण नीट बसत होतं. पाच चोची म्हणजे आजवर न केलेलं काही नव्हे. त्यांनी बारा चोचींचेही केले होते. मग यात नवं काय होतं? आणि तो कुणाचा? पालिकेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, की संत ओर्सोच्या जत्रेतली सेराफिन यांची, म्हणजे पापांची, जागा सोडायची, की कोणी बसणार आहे? मी म्हटलं, मी बसते. ज्याने प्याला सांगितलाय तो तिथे येणारच. मला त्याला बघायचं होतं. आणि पापांचं शेवटचं काम ज्याचं त्याच्या हातात गेलेलं बघायचं होतं.

तीस जानेवारीला सकाळी सातला मी रोमन वेशीजवळच्या त्यांच्या जागेवर पोचले. शेजारी एर्सिलिया. ती लाकडी दाताळी आणि घमेली करते, आणि एकतीस वर्षं पापांच्या डाव्या हाताला बसत आली होती. तिने मला जवळ घेतलं नाही. थर्मासमधला चहा पुढे केला आणि म्हणाली, "टेबलावर कापड उलटं घातलंयस, पोरी. सेराफिनने तुला काही शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलं होतं. मी शिकले नाही."

"मग ठीक."

मी चमचे, लाकडी गाई आणि उरलेसुरले प्याले मांडले. शेवटचा प्याला मधोमध ठेवला, आणि ती बंद चोच माझ्याकडे बघत राहिली. कुणीतरी येईल, प्याला उचलेल, आणि त्याला अर्धवट काम दिसेल. पापांच्या पेटीतलं बारीक गिरमिट मी बरोबर आणलं होतं. आणताना मनात काय होतं ते मला चांगलंच माहीत होतं.

"काय करतेस?" एर्सिलियाने विचारलं.

"एक भोक राहिलंय."

"राहिलंय?" तिने प्याला घेतला, अंगठा त्या चोचीवर फिरवला. "सेराफिनचं? राहिलंय?"

"त्या दिवशी सकाळी ते कामावरच बसले होते. मध्येच..."

"ज्याचा आहे त्याला येऊ दे की. त्याला विचार."

"बुडाला पाच लिहिलंय, एर्सिलिया. पाच तोंडं म्हणजे पाच भोकं. हे मला लहानपणापासून माहीत आहे."

तिने प्याला माझ्या हातात परत दिला. मी गिरमिट लावलं. अक्रोड कठीण असतो. पण भुसा बाहेर येऊ लागला आणि तो वास आला तेव्हा खूप दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेवटी गिरमिट आत मोकळं झालं. मी फुंकर मारली. पाचही चोची सारख्या दिसत होत्या.

मग आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यांत प्याल्याचा मालक शोधायला लागलो. हिरव्या कोटातली बाई? "छे, तिच्या घरी दोनच तोंडं, आणि तीही एकमेकांशी बोलत नाहीत." काठी टेकत आलेले मास्तर? त्यांनी चमचा घेतला. एक जोडपं प्याल्याजवळ बराच वेळ थांबलं. मी श्वास रोखून बसले. त्यांनी विचारलं, यात फुलं ठेवता येतात का? एर्सिलियाने दाताळं जरा जोरात आपटलं.

दुपारी बाराच्या सुमारास साठीच्या आसपासचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. दाढी नुकती केलेली, कोट दुसऱ्याचा असावा असा सैल.

"तुम्ही नोएमी," तो म्हणाला. "मी फिर्मिनो. वरच्या शार्वेन्सोचा. ऐकलं मी. अंत्यविधीला यायला हवं होतं."

"लांबून यायचं, थंडी..."

"थंडी नव्हे. आपल्याकडे दफन झालं की सगळे बारमध्ये जातात. मला अजून जमत नाही." त्याची नजर प्याल्यावर गेली, आणि चेहरा उजळला. "झाला म्हणायचा."

त्याने प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि एकेका चोचीला तोंड लावून हवा ओढत गेला. आमच्याकडे सगळे असंच करतात. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीला तो थांबला. पुन्हा ओढली. मग प्याला कापडावर हळूच ठेवला.

"ही उघडी आहे," तो म्हणाला.

"हो. राहिली होती. मी आज सकाळी..."

"राहिली नव्हती हो."

एर्सिलियाने मान वळवली.

तो रागावला नव्हता. ते जास्त कठीण होतं. "दोन वर्षं झाली मला दारू सोडून," तो म्हणाला. "त्या दिवसापासून आमच्या घरात प्याला कपाटाबाहेर आला नाही. मी आलो की माझी बहीण बाटल्या लपवते. नाताळला सगळे पाणी पितात आणि माझ्याकडे बघतात. भाच्यांना वाटतं, मामा आला की जेवण लवकर संपतं. तुमच्या वडिलांना म्हटलं, सेराफिन, मला असा प्याला दे की ते पितील आणि मी फेरीत असेन. माझ्या हातात येईल, मी तोंड लावीन, काही येणार नाही, पुढे देईन. त्यांनी विचारलं, तोंडं किती? म्हटलं, चार. तर म्हणाले, फिर्मिनो, तुला मोजता येत नाही."

आजवर न केलेला प्याला म्हणजे हा. जत्रेला ये, म्हणजे कळेल.

"वास येतो तेव्हा काय करतोस रे?" एर्सिलियाने त्याला विचारलं.

"वास काय, सगळ्या जत्रेला येतोय. वासाशी माझं जमतं. घोटाशी नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "तीनला ते सगळे इथे येणार आहेत. मीच बोलावलंय. बहीण, इल्दा, कॉफी घेऊन येतेय, दोन वर्षांत पहिल्यांदा. आता तिला काय सांगू?"

"मी बूच बसवते," मी म्हणाले. "आतून. अक्रोडाचंच."

"तुला येतं?" एर्सिलिया.

"नाही."

"मग सुरू कर. ते तीनला येतायत."

पापांच्या पेटीत त्याच ठोकळ्याची एक ढलपी होती. मी ती तासायला घेतली. पहिलं बूच चिरलं. दुसरं बसलं, पण गरम पाणी घातल्यावर थेंब थेंब गळू लागलं. फिर्मिनो समोरच्या खोक्यावर बसून चोचीखाली बोट धरून होता.

"गळतंय," तो म्हणाला. "पण चव काही लागत नाही."

"हसू नकोस," एर्सिलिया म्हणाली. "तूही एक बूच तास."

"मावशी, बुचं काढायचा माझा अनुभव दांडगा आहे. बसवायची कधी वेळच आली नाही."

तिसरं मी पापांच्या छोट्या सुरीने केलं. जरासं जाड ठेवलं, निमुळतं, आणि लाकडाची रेष चोचीच्या रेषेला जुळवून घेतली. हे कुणी शिकवलं होतं ते आठवत नाही. पुस्तकाच्या पुठ्ठ्यालाही मी तसंच करते. हातोडीच्या दांड्याने आतून हलकेच ठोकलं. पुन्हा गरम पाणी. फिर्मिनोने बोट धरलं. आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत राहिलो. जत्रेतले दोघेतिघे थांबून काय चाललंय ते बघू लागले.

बोट कोरडं होतं.

"लाकूड फुगलं की अजून घट्ट बसेल," एर्सिलिया म्हणाली. "सेराफिनची बंद चोच बाहेरून दिसली असती. ही दिसत नाही."

"दिसली असती तर बरं झालं असतं," फिर्मिनो म्हणाला. "इल्दाला बघायचंच असतं."

बाहेरचं भोक मी पाडलं होतं, ते तसंच राहणार होतं.

तीनच्या आधीच ते आले. इल्दा, तिचा नवरा रेमो, दोन मोठ्या मुली. इल्दाने थर्मास छातीशी धरला होता. फिर्मिनोने तिला झाकण उघडून आतलं बूच दाखवलं. तिने तिथे बोट घातलं, नखाने खरवडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हलणार नाही?"

"नाही," मी म्हणाले.

तिने कॉफी ओतली. रेमोने खिशातली बाटली काढली आणि आधी फिर्मिनोकडे पाहिलं. "ओत की," फिर्मिनो म्हणाला, "माझ्या वाटणीचंही तुम्हालाच संपवायचंय." साखर घातली, झाकण लावलं. इल्दाने पहिला घोट घेतला, मग मुली, मग रेमो, मग प्याला फिर्मिनोच्या हातात आला. त्याने पाचवी चोच ओठांना लावली, मान मागे केली, इतरांइतकाच वेळ घेतला आणि प्याला बहिणीकडे दिला. तिने पटकन त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते कोरडे होते.

दुसरी फेरी. पुन्हा तसंच. ती पुन्हा बघत होती.

तिसऱ्या फेरीला प्याला फिर्मिनोकडे गेला तेव्हा इल्दाचं तिकडे लक्ष नव्हतं. साखर कमी घातली म्हणून ती रेमोशी भांडत होती आणि धाकटी मुलगी बापाची बाजू घेत होती. "अरे, कडू झालीय का जरा?" मध्येच इल्दाने भावाला विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"मला कशी कळणार?" फिर्मिनो म्हणाला. "माझी तर कोरडी आहे." आणि सगळ्यांत आधी इल्दाच हसली.

चौथ्या फेरीला प्याला रिकामा झाला. मग त्यांनी तो टेबलावर, माझ्या उलट्या कापडावर ठेवला.