राहिलेले चार किलो

"चपला काढ," सिदाती म्हणाला.

"काढल्यात."

"बांगड्या?"

तेकबेरनं बांगड्या उतरवून औषधवाल्याच्या फळीवर ठेवल्या आणि पुन्हा वजनकाट्यावर चढली. काटा जरा थरथरला, पुढेमागे झाला आणि गेल्या खेपेला जिथं बसला होता तिथंच येऊन बसला.

"आता काय, हीसुद्धा काढू इथं?" अंगाभोवती साडीसारख्या गुंडाळलेल्या मेल्हफाला हात लावत ती वैतागून म्हणाली. औषधवाल्यानं घाईघाईनं पाठ फिरवली आणि खोकल्याच्या बाटल्या पुसायला घेतल्या.

सिदाती हसला. तो थेट डायलिसिसहून आला होता. चेहरा सुजलेला, हाताला पट्टी, पण हसणं मात्र धाकट्या भावाचंच. पेशानं तो शिंपी, पुरुषांच्या झग्यांच्या गळ्यावर भरतकाम करणारा. मोजायची पट्टी त्याच्या गळ्यात कायम लटकलेली. ती काढून त्यानं बहिणीच्या दंडाभोवती गुंडाळली.

"हे बघ, अर्धं बोट उतरलाय. काट्याला काय कळतंय? तो बटाटे तोलायला असतो. माणसाला मापायला शिंपी लागतो."

"तीन खेपा झाल्या रे. हलतच नाहीये."

"हलेल. एवढं वर्षानुवर्षांचं साचलेलं, एका दिवसात निघेल का? भाडेकरूसुद्धा घर सोडायला वेळ घेतो, ताई."

तेकबेरलाही हसू आलं. पण वेळ तिच्याकडे होता. त्याच्याकडे नव्हता.

सिदातीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि जुळली ती एकट्या तेकबेरची. घरात आनंद झाला, शेजारणी येऊन मिठ्या मारून गेल्या. मग बहीणभाऊ ऑपरेशनसाठी परदेशी, ट्यूनिसला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तेकबेरला नीट तपासलं आणि हात जोडले. "बाई, एवढ्या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही. तुम्हालाच धोका आहे. पंचवीस किलो उतरवा आणि या."

इकडे त्यांच्या शहरात, नुआकशोतच्या कापडबाजारात, तेकबेर आपल्या भरदार अंगापिंडाबद्दल प्रसिद्ध होती. मेल्हफा विकायला ती गादीवर बसली की गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे बघत, मग कापडाकडे. बायका म्हणत, अंथरुणात बाई जेवढी जागा व्यापते तेवढीच नवऱ्याच्या मनात. नवरा तिला सोडून गेला तेव्हाही कुणी तिच्या अंगाला नाव ठेवलं नाही, नवऱ्याच्याच डोळ्यांना ठेवलं. आणि आता तेच अंग भावाच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहिलं होतं.

हे अंग तिनं मागून घेतलेलं नव्हतं. आईनं, मेकफूलानं, ते घडवलं होतं. तेकबेर सात वर्षांची असताना पावसाळ्यात उंटिणींना दूध आलं की आई पहाटे तिला उठवी आणि पुढ्यात वाडगा ठेवी. तो संपला की दुसरा. पोरगी ओकली तर तेवढंच पुन्हा. नकार दिला तर पायाच्या बोटांमध्ये दोन काड्या धरून दाबायच्या. ही तिकडची जुनी रीत, घरोघरची; जाड पोरगीच देखणी मानायची. आई काड्या दाबायची आणि स्वतःच रडायची. "पी गं माझे बाय, पी, मोठी हो," असं म्हणत दाबायची. पोरीला तेव्हा कळायचं नाही की जिला दुखतंय ती आपण, मग ही कशाला रडतेय.

आता पन्नाशीला टेकलेली तेकबेर रोज संध्याकाळी स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीला धरून फेऱ्या मारायची. तिथं तिच्यासारख्याच पुष्कळ जणी असत. कुणाला साखर, कुणाचे गुडघे, कुणाचं हृदय. रंगीबेरंगी मेल्हफांची ती रांग डुलत डुलत चाले. पहिल्या दिवशी तेकबेर अर्ध्या भिंतीपाशीच खाली बसली होती. सालका नावाची एक विधवा तिथं तिची मैत्रीण झाली. तिनं हात धरून उठवलं आणि म्हणाली, "बसायचं नाही. बसलीस की गुडघ्यांना वाटतं, सुट्टी झाली."

साखर सोडली. रिवाजानं चहाचे तीन पेले होत, त्यातला एकच घ्यायचा, तोही कडू. सगळ्यांच्या एकाच परातीतल्या कुस्कुसच्या सांज्यावरचं मांस दुसऱ्यांच्या बाजूला सरकवायचं. वर्षभरात चौदा किलो उतरले. बाजारात मात्र कुजबुज सुरू झाली. "तेकबेर, काय गं, आजारी आहेस का?" "अगं, चेहऱ्यावरचं तेजच गेलं तुझं." शेजारची दुकानदारीण तर डोळे पुसतच म्हणाली, "मला सांग, कुणाला नाही सांगणार. काय झालंय?" किती जणींना सांगत बसणार? तेकबेर हसून कापड उलगडत राही.

मध्ये मावसबहिणीच्या पोरीचं लग्न आलं. तीन दिवस खाणं, गाणं, आणि प्रत्येक बाई आपल्या हातानं घास भरवणार. नाही म्हटलं तर अपमान. तीन किलो परत आले. तेकबेर सालकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सालका म्हणाली, "आले तसे जातील. पाहुणेच ते. चल, भिंत वाट बघतेय." ते तीन गेलेही, आणखी दोन गेले. आणि मग काटा जो रुसला तो रुसलाच.

तेकबेरनं खाणं आणखी कमी केलं. दुपारचं बंद केलं. संध्याकाळी भिंतीला दोन फेऱ्या वाढवल्या. तरी काटा हलेना, उलट एका खेपेला वर गेला. सालका म्हणाली, "घरी कोण रांधतं?"

"आई."

सालकानं वळून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तेकबेर दुकान लवकर बंद करून दुपारीच घरी आली. आई स्वयंपाकघरात चटईवर बसली होती. मेकफूला आता सत्तरीला टेकली होती आणि इतकी जाड होती की उठायला तिला दोघं लागत. तिच्यापुढे तेकबेरचं रात्रीचं पातळ ताक होतं, बिनसाखरेचं, डॉक्टरांनी सांगितलेलं. कातड्याच्या बुधल्यातून ती त्यात वितळलेलं लोणी ओतत होती आणि वर दिसू नये म्हणून लाकडी घुसळणीनं मन लावून घुसळत होती. शेजारी भाताचं भांडं, त्याच्याही तळाशी पिवळा थर.

"आई."

म्हातारीनं बुधला लपवला नाही. लपवायला पदरही पुरला नसता.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुझी गळ्याची हाडं दिसायला लागली तेव्हापासून."

"आई, तो मरेल गं! तुला कळतंय का? माझी हाडं दिसली नाहीत तर तो मरेल!"

"आणि तू मेलीस तर?" मेकफूला ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "तुझ्या आधी एक होती मला. त्र्याहत्तरच्या दुष्काळात. उंटिणी मेल्या, दूध आटलं. रोज सकाळी मी तिच्या गळ्याची हाडं मोजायची. एक दिवस मोजायला काही उरलं नाही. तेव्हा मी शपथ घेतली होती, पुढची झाली तर तिची हाडं मी जन्मात बघणार नाही. आता माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत तू वाळत चालली आहेस. दोन लेकरं आहेत मला. एकाला वाचवायला दुसरीला वाळवू?"

तेकबेर भांडायच्या तयारीनं आली होती. तिनं ताकाचा वाडगा उचलला, अंगणात नेऊन वाळूत ओतला आणि तिथंच मटकन बसली. आईवर रागवावं तर कुठल्या तोंडानं, आणि न रागवावं तर भावाला काय सांगावं?

भावाला तिनं खरं सांगितलं नाही. आजारी माणसाच्या मनात आईबद्दल काटा कशाला ठेवायचा? घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं; तिथं शिवणयंत्राच्या शेजारी बसून ती म्हणाली, "माझीच चूक झाली. चोरून खात होते. लोणी."

सिदाती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. मग हसून म्हणाला, "एकटीच? मला बोलवायचंस ना. मीही आलो असतो." पण ते हसू लगेच मावळलं. सुई खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? भीती वाटत असेल तर सांग. शरीर कापायचं म्हणजे गंमत नाही. मी रागावणार नाही, अल्लाहशपथ. तू नाही म्हणालीस तरी मी तुझा भाऊच."

आतल्या खोलीत आई बसली होती. मधे नुसता पडदा होता. तेकबेरच्या ओठांवर सगळं आलं आणि तिनं ते गिळलं. "वेडा आहेस," एवढंच ती म्हणाली. त्यानं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नाही हे तिला दिसलं. इतकी वर्षं तिनं पुष्कळ काही घशाखाली उतरवलं होतं, पण ह्याच्याइतकं जड काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून ती स्वतः रांधायला लागली. काटा पुन्हा खाली सरकू लागला, मुंगीच्या पावलानं का होईना. सिदाती पट्टी लावून माप घ्यायचा, "छान," म्हणायचा. पण पहिल्यासारखी थट्टा करायचा नाही, तिला ओझं होईल म्हणून. चार किलो राहिले होते तेव्हा त्याला ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभरात तो गेला.

तिकडे बायका दफनाला जात नाहीत. तेकबेर घरातच राहिली, बायकांच्या गराड्यात. कुणी घास पुढे केला की ती तोंड फिरवी. त्या दिवसांत ते चार किलो कधी उतरले, कुणाला कळलंही नाही. ती मापून घ्यायला गेली नाही, आणि मापणारा नव्हता.

पुढे एका शुक्रवारी मेकफूला म्हणाली, "मला त्याच्याकडे ने." टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर आणि तेकबेर, दोघांनी मिळून म्हातारीला मागच्या सीटवर बसवलं. कबरस्तान शहराबाहेर, वाळूच्या उतारावर. गाडी पायथ्याशी थांबली, पुढे चाकं रुतत होती. मेकफूलानं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला. तो घोट्यापर्यंत वाळूत गेला. तिनं दोनदा जोर लावला आणि पाय परत आत ओढून घेतला.

"तू जा," ती म्हणाली. मग लेकीचं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांग. तू भ्याली नव्हतीस म्हणावं. लोणी मी घालत होते. त्या दिवशी मी पडद्यामागं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. सांगशील ना?"

"सांगते."

तेकबेर चढायला लागली. उतार चांगला उभा होता, वाळू पायाखालून घसरत होती. निम्म्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिला धाप लागलेली नाही. गुडघे गप्प होते. वर्षानुवर्षं दोन पायऱ्यांना कण्हणारं तिचं अंग एखाद्या पोरीसारखं वर चाललं होतं. तिला त्या अंगाचा असा काही संताप आला की तिनं मांडीवर मूठ मारली. आता? आता कुणासाठी?

कबरीपाशी ती बसली. मातीवर हात ठेवला. खाली गाडीच्या काचेला चिकटलेला आईचा चेहरा दिसत होता. लेकीचे ओठ हलतात की नाही, म्हातारी बघत होती.

"सिदाती," तेकबेर म्हणाली, "आई आलीय. खाली गाडीत आहे. तिला चढवत नाही रे."

मग ती हातानं कबरीवरची वाळू सारखी करत राहिली. बाकीचं तिच्या तोंडून निघालं नाही.

ती उतरून आली तेव्हा मेकफूला तिच्या तोंडाकडे बघत होती. "सांगितलंस?"

"सांगितलं," तेकबेर म्हणाली, आणि आईचा वाळूनं भरलेला पाय पदरानं पुसून तिनं दार लावून घेतलं.