खिडकीतून आलेले कर्णे

पाच भिंतींच्या खोलीत कुठलीच वस्तू धड मावत नाही, हे पुष्पाला लग्न होऊन कळंबला आली त्या दिवशीच समजलं होतं. नाशिक रस्ता रुंद करताना घराची पुढची बाजू तिरकी कापली गेली, आणि उरल्या जागेवर सासऱ्यांनी रस्त्याच्या वळणाबरोबर भिंत चढवून घेतली. एक कोपरा इतका निमुळता की केरसुणी आत गेली की अडकायची. दुसरा इतका पसरट की त्याला कोपरा म्हणायला जीभ रेटत नव्हती. कपाट लावा, मागे मांजर बसेल एवढी फट राहणारच.

आणि असल्या खोलीत जालिंदरला सिनेमाचे कर्णे बसवायचे होते.

नवऱ्याचा धंदाच आवाजाचा. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात, लग्नात, सभेत कर्णे बांधायचे. "पण उघड्यावर आवाज वाऱ्यावर जातो गं," तो म्हणायचा. "आपण लावलेला आवाज आपल्यालाच पुरा ऐकाया मिळत न्हाई. एकदा चार भितींत ऐकायचाय."

"पाच," पुष्पा म्हणायची.

त्याचा दोस्त सावळेराम महाळुंगे पडवळचा. एक तंबूतला सिनेमा मोडीत निघाला, त्याचं सामान याने उचललं होतं. त्यातल्या दोन जोड्या त्याने पसंतीवर आणून टाकल्या. एक रुंद तोंडाची, एक लांब गळ्याची. लाकडी कर्णा एकेक असा, की आत माणूस गुडघे दुमडून बसेल. दारातून आत घ्यायला गेले तर समोरच तिरकी भिंत, लाकूड वळेना. तेव्हा दोघांनी रस्त्याकडच्या खिडकीची गजांची चौकटच छिन्नीने उखडली आणि चारही कर्णे खिडकीतून आत घेतले.

"ठरलं की दुसरी जोडी ह्याच वाटंनं भाईर जाईल," जालिंदर म्हणाला. "मंग मिस्त्री बोलवू, गज बसवू. उद्या-परवाचं काम."

त्या उद्या-परवाला आठवडा उलटून गेला होता. खिडकी तशीच भगभगीत उघडी, आणि त्यांचा लहानगा आदेश नुकता चढायला शिकलेला.

खिडकीखाली दिवाण होता. दिवाणावर चढलं की उंबरठ्याएवढी खिडकीची फळी. आणि पलीकडे रस्ता. भराव टाकून इतका वर आणलेला, की ट्रकची चाकं खिडकीच्या पातळीला फिरायची. पुष्पा स्वयंपाक करताना अर्धी मान वळवून असायची. भाकरी थापायची ती बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात परात घेऊन. आंघोळीला जायची ती पोराला मोरीच्या दारात बसवून.

पहिल्या दिवशी तिने खिडकीत पत्र्याची ट्रंक उभी केली. जालिंदरने गाणं लावलं, ट्रंक झणझणली. त्याने ती उचलून माळ्यावर टाकली. तिने जाड गोधडी टांगली. "आवाज पिऊन टाकती ती," म्हणून सावळेरामने काढली. तिने फळी ठोकली. फळी थरथरते म्हणून खिळे उपसले. दिवाण हलवावा, तर तिथे सोडून दिवाण मावेल अशी भिंत नव्हती.

"अहो, आधी गज बसवा. मग वर्षभर ऐकत बसा."

"आणि दुसरी जोडी कुठनं काढू? पुन्हा गज तोडू? बी.ए. झालीस नव्हं तू?"

पुष्पा पोराला दिवाणावरून उचलून तरातरा आत न्यायची.

सासूबाईंकडे, तुकाबाईंकडे, गाऱ्हाणं नेलं तर त्या तंबाखू मळत म्हणाल्या, "आमी मेंढरांमागं उघड्या माळावर पोरं वाढवली. तिथं भितच नव्हती, तर खिडकी कुठली? तुला लई भ्याव वाटतं, पुष्पे. पोरगं भित्रं करशील."

"माळावर ट्रक नव्हते, आत्याबाई."

"लांडगं व्हते की."

त्या दिवशी दुपारी सावळेराम पुन्हा आला. दोघे लांब गळ्याची जोडी घेऊन पसरट कोपऱ्यात गेले. टाळ्या वाजवून बघितल्या. जालिंदर भिंतीला कान लावून उभा.

"घुमतंय राव."

"घुमणारच. कोपरा न्हाई तो, परात हाय परात. निमुळत्यात घाला."

"निमुळत्यात चोंदल्यावाणी येतं. रुंद तोंडाची आण बरं."

"तीच तर सकाळी लावली व्हती!"

पुष्पाच्या चुलीवर दूध होतं. ते वर आलं, तिने पातेलं उतरवलं, मान वळवली. दिवाण रिकामा. आदेश खिडकीच्या फळीवर दोन्ही हात सोडून उभा होता, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला पाहून आनंदाने नाचत होता.

तिने हाक मारली नाही. हाक मारली तर तो वळेल, आणि वळला की तोल जाईल. ती पाय न वाजवता धावली आणि पोराचा पाय घोट्यात धरून ओढला. दोघंही दिवाणावर आपटली. ट्रकचा वारा तिच्या तोंडावर धुळीसकट आला. आदेशने भोकाड पसरलं.

दोघा पुरुषांनी वळून पाहिलं.

"काय झालं न्हाई ना?" जालिंदर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता खरा. तो जवळ आला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या नक्की बोलवतो मिस्त्रीला. आज एवढं ठरू दे."

पुष्पाला ओरडायचं होतं. पण आठवडाभर ओरडून काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिने पोराला काखोटीला मारलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मी ठरवते. तुम्ही दोघं ऐकून ऐकून बधिर झालात. रुंद तोंडाचा इकडे आणा. दिवाणावर चढवा. मागची बाजू खिडकीत."

"खिडकीत?" सावळेराम हसला. "वहिनी, तिथं तर आजवर लावलाच न्हाई."

"म्हणूनच सांगते."

एवढं अडल्यावर कुणीही काहीही करून पाहतो. दोघांनी धापा टाकत तो कर्णा दिवाणावर चढवला, मागे रेटला. खिडकी काठोकाठ बुजली. खोलीत अंधारून आलं. पुष्पाने बाजूच्या फटीत बोट घालून बघितलं. बोटसुद्धा जाईना.

जालिंदरने गाणं लावलं. आवाज असा आला, जसं विहिरीत पडलेलं माणूस बोलतंय.

"छ्या! निम्मा तर रस्त्यावर चाललाय."

"मला चांगला येतो. इथंच राहील," पुष्पा म्हणाली, आणि कर्ण्याला पाठ लावून दिवाणावर बसली.

"वहिनी, राहू द्या. पण मंग लांब गळ्याची जोडी मला न्यायचीय. आळेफाट्याचं गिऱ्हाईक सांजच्याला बघाया येणार हाय."

"न्या ना."

"कुठनं? वाट तर तुमी बुजवली."

"मिस्त्री आणा, गजांची चौकट आणा, वाळू-सिमेंट आणा. तो इथं थापी घेऊन उभा राहिला की मी उठते. तुमचा माल बाहेर, आणि लगेच गज आत. त्याच्याआधी नाही."

"अगं, आता मिस्त्री कुठं घावायचा?" जालिंदर म्हणाला.

"मंचरला घावतो!" सावळेरामने परस्पर सांगितलं. "माझा साडू हाय की. तासात आणतो." आणि चप्पल धड पायात न घालताच तो फटफटीकडे पळाला.

पुष्पा फटफटीचा आवाज ऐकत राहिली. आठवडाभर न सापडलेला मिस्त्री मंचरला होता, सावळेरामचा साडू होता, तासाच्या वाटेवर होता. आदेशसाठी तो कुणाला आठवला नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने पोराच्या केसांत तोंड लपवलं.

बाहेर फटफटी लांब गेली.  जालिंदरने निमुळत्या कोपऱ्याकडे पाहिलं, लांब गळ्याच्या कर्ण्याकडे पाहिलं.

"तो येईस्तवर," तो हळूच म्हणाला, "हा एकदा तिथं आडवा टाकून ऐकू का? फक्त जरा दिवाण सरकवायला..."

"सरकवून बघाच," पुष्पा म्हणाली. ती दिवाणावरून तसूभरही हलली नाही.