सहाचे तीन

बुधवारी सकाळी कॉम्प्युटरने माझ्या सख्ख्या बहिणीला घरी बसवायचा सल्ला दिला, आणि त्याला पुरवलेले सगळे आकडे माझ्याच हातचे होते.

आमचा औषधांची लहान खोकी बनवायचा कारखाना. एका खोलीत पुठ्ठा कापतात, दुसरीत छापतात, तिसरीत चिकटवतात. मी मॅनेजर. चिकटवायला अकरा बायका आणि त्यांच्यावर मुकादम माझी थोरली ताई. बारा वर्षांपूर्वी तिच्याच शब्दावर मला इथे चिकटवलं होतं, म्हणजे नोकरीला.

मालकांच्या सूनबाईंनी नवीन प्रोग्राम आणला. मॅनेजरला निर्णय घ्यायला मदत करतो म्हणे. बारा वर्षं मी काय झोपा काढत होते? पण नोकरी आहे, मान डोलावली. माझ्या चार वर्षांच्या वह्या त्यांनी त्यात भरल्या.

"काकू, चिकटवायचा विभाग लाल आलाय," त्या म्हणाल्या. "बंद करा, काम बाहेर द्या, असं सांगतोय. आपल्याला पन्नास हजार खोक्यांना सहा दिवस लागतात. बाहेरचा माणूस तीन दिवसांत देतो."

"अहो, आपणही तीनच दिवसांत करतो!"

"मग वहीत प्रत्येक ठिकाणी सहा का?"

आता काय सांगू, कपाळ! आधीचे मॅनेजर जाताना मला कानमंत्र देऊन गेले होते, की ही माणसं नेहमी दुप्पट सांगतात, तू निम्मं धर. म्हणून ताई सहा म्हणाली की मी तीन म्हणायचे. तिसऱ्या दिवशी माल तयार असायचाच. पण लवकर दिला तर गिऱ्हाईक सोकावतं. म्हणून तयार माल तीन दिवस गोदामात ठेवून सहाव्या दिवशी गाडीत चढवायचा, आणि वहीत गाडीची तारीख लिहायची. हे सगळं मी सूनबाईंना सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते येड्यासारखं वाटायला लागलं.

त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "म्हणजे तुम्ही लिहिलेलं खोटं, की आत्ता सांगताय ते?"

"दोन्ही खरं आहे. म्हणजे... थांबा, ताईलाच बोलावते."

ताई हात पुसत आली. बोटांना खळ लागलेली.

"ताई, पन्नास हजार खोक्यांना किती दिवस लागतात? यांच्यासमोर अगदी खरं सांग."

"सहा."

माझं डोकंच फिरलं. "अगं, खरं सांग म्हणाले ना! तुझा विभाग बंद करायला निघालेत. तीन दिवसांत होतं की नाही?"

"होतं की," ताई म्हणाली. "तू तीन म्हणायचीस, म्हणून करायचो. दिवसभर इथे चिकटवायचं आणि उरलेले पुठ्ठे पिशवीत घालून घरी न्यायचे. माझी सून खळ लावते, तिची पोरं घड्या घालतात. सगळ्याजणींच्या घरी तेच. इथल्या इथे करायचं तर सहा दिवस लागतात. मी कधी दुप्पट सांगितलंच नाही गं."

त्या पिशव्या मी रोज बघत होते. मला वाटायचं, भाजी असेल.

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षी बोलले की. तू म्हणालीस, ताई, मला शिकवू नकोस."

मला काही आठवेना. पण मी म्हणाले असेन, तोंड माझंच आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस ह्या बायकांनी घरची पोरं राबवायची आणि पुढचे तीन दिवस त्यांचा माल माझ्या गोदामात धूळ खात पडायचा. कशासाठी? तर गिऱ्हाईक सोकावेल म्हणून!

सूनबाईंनी दोनदा बोटं मोजली. "मग आता मी किती भरू? तीन की सहा? सहा भरले तर लालच राहणार."

"सहाच भरा," ताई म्हणाली. "आता नाही होत घरी नेणं."

पडद्यावर दोन चौकोन होते, मान्य आणि अमान्य. निर्णय मॅनेजरचाच असतो, सूनबाई म्हणाल्या, कॉम्प्युटर फक्त सुचवतो. मी अमान्य दाबलं. लगेच खाली रिकामी जागा उघडली. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि ते थेट मालकांकडे जाणार होतं.

मी एका बोटाने टाइप केलं. 'गिऱ्हाइकाने तीन दिवसांत माल कधीच मागितला नाही. तीन दिवसांची मुदत मी घातली. त्यासाठी बायकांना बारा वर्षं घरी फुकट काम करावं लागलं.' खाली माझं नाव घातलं.

सूनबाईंनी वाचलं. "काकू, मालक हे वाचून तुम्हाला ठेवतील का?"

ताईने माझा खांदा धरला. "खोड ते. अगं, तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि पाठवायचं बटण दाबलं. "मॅडम, आता कॉम्प्युटरला परत विचारा, बंद काय करायचं, ताईचा विभाग की मॅनेजर."